रिकामा पिंजरा, पालथी भांडी

१

माकड गायब झालं होतं आणि पिंजऱ्याला कुलूप होतं.

कुलूप पितळेचं, चांगलं मुठीएवढं. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी नितेशभाई गाला ते पुन्हा पुन्हा ओढून बघत होते, जणू माकड कुलपातच लपून बसलंय. रविवारची सकाळ होती. पार्किंगच्या कोपऱ्यात निम्मी सोसायटी जमली होती आणि तिच्यातली निम्मी कमरेत वाकलेली होती. ऑक्टोबर लागल्यापासून चिकनगुनियाने आमच्या इमारतीची सरासरी उंची अर्ध्या फुटाने कमी केली होती.

"मारुतीराया अंतर्धान पावले," दुसऱ्या मजल्यावरच्या आजी हात जोडून म्हणाल्या.

"आजी, अंतर्धान नाही, चोरी आहे ही!" नितेशभाई ओरडले. "सरकारी पिंजऱ्यातून माकड चोरलंय कोणीतरी!"

मुलुंडच्या पश्चिमेला डोंगर सुरू होतो तिथे आमची इमारत आहे. मागची भिंत संपली की जंगल. भिंतीवर लाल तोंडाच्या माकडांची टोळी रोज येते, आणि आजवर आमचं त्यांच्याशी बरं चाललं होतं. मग घराघरात ताप आला, सांधे धरले, आणि कुणीतरी ग्रुपवर टाकलं की माकडांच्या अंगात डासांचे विषाणू लपून राहतात. नितेशभाईंनी ते वाचलं, चार वेळा पुढे पाठवलं, आणि संध्याकाळपर्यंत निकालही लागला: ताप माकडांनी आणला, टोळी इथून हलवा.

खरं तर त्या प्रश्नाचा अभ्यास आमच्याच अंगणात चालला होता. कृणाल हा खारदांड्याचा मुलगा, विषाणूंवर संशोधन करणारा. जंगलाच्या कडेची माकडं डासांमार्फत येणारे विषाणू बाळगून असतात का, हे तो तपासत होता. त्याने वनखात्याची परवानगी काढली, पिंजरा आणला, आणि शनिवारी दुपारी टोळीतला एक तरणा नर त्यात अडकला. रविवारी सकाळी पशुवैद्य येऊन रक्त घेणार, आणि मग माकडाला सोडून देणार, असं ठरलं होतं. रक्तात काही निघालं तर टोळी हलवण्याचा अर्ज करायचा, हे मात्र नितेशभाईंनी परस्पर ठरवलं होतं.

कृणाल आला तो धावतच. तो इतका उंच आहे की आमच्या जिन्याखालून जाताना त्याला मान तिरकी करावी लागते. रिकामा पिंजरा पाहून तो खालीच बसला.

"तुझी किल्ली?" नितेशभाईंनी विचारलं.

त्याने खिशातून काढून दाखवली.

"माझीपण ऑफिसात खिळ्यावर आहे. म्हणजे उघडलं कोणी?"

"ऑफिसला दार कुठे असतं बंद, काका?" कृणाल म्हणाला. "कोणीही घेईल आणि परत लावेल."

"आणि वर कुलूप घालून जाईल? चोर एवढा शिस्तीचा?"

"शुक्रवारी तुम्ही यालाच हसत होतात," घोळक्यातून कुणीतरी म्हणालं. "रिकाम्या पिंजऱ्याला कसलं कुलूप लावतोस म्हणून."

"हसणारच! आत हवा होती नुसती!"

"कोणी लक्ष ठेवायला नसताना पिंजरा उघडा ठेवत नाहीत, काका," कृणाल थकल्या आवाजात म्हणाला. "पिल्लू आत शिरून अडकतं."

पशुवैद्य आले आणि हात हलवत परत गेले. नितेशभाईंनी तिथल्या तिथे जाहीर केलं: आज संध्याकाळी सभा. आता तपासणी वगैरे काही नाही. ठराव करायचा, सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या, टोळी हलवायची.

तेवढ्यात इमारतीच्या मागून माझ्या आईची हाक आली. हाक कसली, किंकाळीच.

"तेजल! अगं इकडे ये! यांची भांडी!"

२

रतनआत्याला मी फोन केला तेव्हा ती नागपूरहून परतून दोनच दिवस झाले होते. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. सगळी नोकरी तिने डासांच्या आणि विषाणूंच्या प्रयोगशाळेत काढली.

"आत्या, माकड गायब झालंय."

"पळालं असेल."

"पिंजऱ्याला कुलूप आहे."

"हं."

"आणि पप्पांची पाण्याची भांडी कोणीतरी पालथी घातलीत. आई रडतेय."

"कांजूरमार्गहून रिक्षा मिळाली की येतेच," ती म्हणाली.

त्या भांड्यांबद्दल सांगायला हवं. महाडच्या चवदार तळ्याचा दिवस वीस मार्चला येतो. त्या दिवशी लोक भाषणं करतात, पप्पा मागच्या भिंतीवर मातीची पसरट भांडी ओळीने मांडून पाण्याने भरायचे. पक्षी, खारी, माकडं, कुणीही यावं. "पाणी पिणाऱ्याला तू कोण म्हणून विचारायचं नाही," एवढंच त्यांचं म्हणणं. मे महिन्यात ते गेले. आईने भांडी चालू ठेवली. भिंत तिच्या डोक्यापेक्षा उंच. पप्पा स्टुलावर चढायचे, आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून नळाची नळी सोडते आणि वरून, लांबूनच धार धरते. भांडं रिकामं राहता कामा नये, हा तिचा नेम. भर पावसातही तिने तो मोडला नव्हता.

आत्या आली. बुटकी, पांढऱ्या केसांची, कापडी पिशवी खांद्याला. तिने आईला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, आणि लगेच म्हणाली, "राधा, चहा टाक. तेजल, ते स्टूल आण."

स्टूल बाल्कनीत होतं. त्यावर जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा, आणि पायांमधून कोळ्याचं जाळं. मी गठ्ठा उतरवू लागले तशी आत्या म्हणाली, "थांब. हे जाळं आधीपासून आहे?"

"असेल. मे महिन्यापासून कोणी हलवलंच नाही."

"बरं. आता आण."

ती वर चढली. सगळी भांडी उपडी होती, एकही फुटलेलं नव्हतं. तिने एक उचललं, आत बोट फिरवलं, नाकाशी धरलं, पुन्हा ठेवलं. दुसरं उचललं.

"माकडांनीच उलटवलीत," मागून नितेशभाई म्हणाले. गुडघ्यांवर हात ठेवत ते इथपर्यंत पोचले होते. "जोडीदार सुटला म्हणून धिंगाणा केला. रोजचंच आहे. गेल्या आठवड्यात माझ्या ताटातला ठेपला उचलून नेला, माहितेय? माझ्या हातातून!"

"एकच नेला?"

"लोणचं ठेवून गेलं."

"म्हणजे चव कळते त्याला." आत्या खाली उतरली. "नितेशभाई, माकड जाण्यात तुमचा फायदा की तोटा?"

"तोटाच ना! रिपोर्ट पॉझिटिव्ह आला असता तर वनखात्याने दोन दिवसात टोळी उचलली असती."

"आणि निगेटिव्ह आला असता तर?"

ही शक्यता त्यांच्या डोक्यात आलीच नव्हती, हे चेहऱ्यावर सरळ दिसत होतं.

"किल्ली तुमच्याकडे असते," आत्या म्हणाली. "हात बघू तुमचा. मूठ वळा."

त्यांनी प्रयत्न केला. बोटं निम्म्यात अडली. सुजून पडवळासारखी झाली होती.

"सकाळी दात घासायचा ब्रशसुद्धा बायको धरते, ताई," ते हळूच म्हणाले. "कोणाला सांगू नका. प्लीज."

"त्या कुलपाची किल्ली फिरवायला दोन्ही हात लागतात, मी आत्ताच बघून आले," आत्या त्यांना म्हणाली. "तुम्ही सुटलात. जा, झोपा जरा."

ते गेल्यावर ती माझ्याकडे वळली. "माकडं भांडी उलटवतात, हे खरं. पण सगळी उलटवून एका ओळीत ठेवत नाहीत. आणि तेजल, ही भांडी नुसती उलटवलेली नाहीत. कोणीतरी ती आतून घासलीत."

३

मागच्या फाटकापाशी मथुरामावशी मासे घेऊन बसते. मुलुंड कोळीवाड्यातली. आमच्याकडे तिचे बोंबील मी दात आल्यापासून खाते आहे. कृणाल तिच्या बहिणीचा मुलगा. तिनेच त्याला पहिल्यांदा आमच्याकडे आणलं होतं, "पोराला जंगल बघायचा हाय, धम्मपालभाऊंना सांग" म्हणत. पप्पांनी त्याला जंगलातल्या वाटा दाखवल्या, दर शनिवारी जेवायला घातलं, आणि हळूहळू त्याला घराची किल्ली तेवढी द्यायची बाकी ठेवली.

"मावशी, काल तू पिंजऱ्यापाशी गेली होतीस?" आत्याने विचारलं.

"गेले व्हते. मना काय चोर समजतेस?"

"कशाला गेलीस?"

"केला द्यायला. बिचारा कोपऱ्यात बसून रडत व्हता. अख्खा गाव त्याचा फोटो काढतंय, खायला कोण देत नाय."

"माकडाला खायला घालायचं नसतं, मथुरा. सवय लागते त्यांना."

"आणि पिंजऱ्यात घालायचा असतो?" मावशीने कोयता पापलेटावर आपटला. "तुम्ही शिकलेली माणसा! मी काय म्हणते, त्यांनी माझ्या पाटीला कधी हात लावला नाय. मासा खात नाय तो. मग मी कशाला त्याच्यावर डूख धरू?"

"म्हणून सोडलंस त्याला?"

"सोडला असता," मावशी म्हणाली. "पण मना ती किल्ली फिरली नाय."

मी आत्याकडे पाहिलं. आत्या हसू दाबत होती.

"म्हणजे तू प्रयत्न केलास!"

"केला. ऑफिसातून किल्ली घेतली, संध्याकाळची वेळ, सगळी सिरियल बघत व्हती. फिरता फिरेना. परत खिळ्याला लावली. काय गुन्हा झाला काय? कुलूप तर मेला गंजलेला!"

"नाही झाला. आज पहाटे आलीस तेव्हा काय दिसलं?"

मावशीने जरा आठवलं. "भिंत वली व्हती. पाऊस नाय, आणि भिंत वली. भांडी पालथी. एक खाली आला व्हता, ते मीच उचलून वर ठेवला, पाटीवर पाय देऊन. आत हात लावला तर चकचकीत. काथ्यानी घासल्यासारखा. मी म्हणलं राधाने घासली असतील."

"राधाने ती कधी पाहिलीसुद्धा नाहीत आतून," आत्या पुटपुटली. मावशीला तिने आणखी एक विचारलं. "कृणाल रात्री कुठे होता?"

"माझ्याकडे झोपला व्हता. जेवला नाय नीट. पोर लय काळजीत व्हता, सकाळी माकडाला सुई टोचायची म्हणून. का गो?"

"सहज."

आम्ही घरात आलो. आई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. चहाचं भांडं गॅसवर होतं, पण गॅस पेटवलेलाच नव्हता. तिने पदराला हात पुसले.

"ताई, कोणाला त्रास देऊ नका आता," ती म्हणाली. "माकड मी सोडलं."

४

आत्या खुर्चीवर बसली. तिने पिशवीतून नागपूरहून आणलेली लोणच्याची बरणी काढली आणि आईच्या पुढे ठेवली.

"उघड."

"आत्ता कशाला लोणचं?"

"उघड गं."

आईने झाकणावर हात ठेवला. दोन्ही हातांनी धरलं. तिच्या मनगटांना गेला पंधरवडा सूज होती. झाकण हललं नाही. आईने डोळे मिटून जोर केला, आणि "आई गं" म्हणत सोडून दिलं.

"गॅसचं बटण फिरत नाही म्हणून चहा झाला नाही," आत्या शांतपणे म्हणाली. "आणि तू म्हणे पितळेचं कुलूप उघडून, माकड सोडून, पुन्हा कुलूप लावून आलीस. कोणासाठी खोटं बोलतेस?"

आईने माझ्याकडे पाहिलं.

"माझ्यासाठी?" मी ओरडलेच. "मी कशाला सोडू?"

"काल जेवताना तूच म्हणालीस, सोडून द्यावंसं वाटतं त्याला. तुझ्या पप्पांसारखंच बोललीस. ते असते तर बोलून थांबले नसते. मला वाटलं, तूही..."

"आई! मी रात्री साडेनऊला झोपले!"

"ते मला काय माहीत? पप्पांसारखंच सगळं गुपचूप करतेस तू."

मला हसायला आलं, आईलाही जरासं. आत्याने बरणी घेतली, एका झटक्यात उघडली, आणि आईला आडवं व्हायला पाठवलं. मग मला घेऊन ती मागच्या भिंतीपाशी गेली.

"ऐक," ती म्हणाली. "एका रात्रीत दोन गोष्टी झाल्या. माकड सुटलं आणि भांडी धुतली गेली. माणूस एकच असणार, कारण दोन्हीमागे एकच डोकं दिसतं. भांडी आतून का घासायची? नितेशभाई असते तर त्यांनी फोडली असती. मथुरा असती तर पाणी ओतून गेली असती. पण दिवसा चावणारा तो पट्टेवाला डास पाण्यात अंडी घालत नाही. पाण्याच्या जरा वर, भांड्याच्या ओल्या कडेला चिकटवतो. पाणी फेकलं तरी ती तशीच राहतात, महिनोन्‌महिने. पुन्हा पाणी चढलं की फुटतात. म्हणून घासावं लागतं. हे माहीत असणारी इथे दोनच माणसं. एक मी, आणि मी काल रात्री घरी होते."

मला कळलं होतं, आणि कळायला नको होतं.

"दुसरं, स्टूल हललं नव्हतं. जाळं शाबूत होतं. आज मथुरालासुद्धा पाटीवर चढावं लागलं, मग न चढता या भांड्यांत कोण बघू शकतो? तिसरं, कुलूप. दया येऊन माकड सोडणारा पिंजरा उघडा टाकून पळतो. रिकाम्या पिंजऱ्याला कुलूप लावतो तो एकच माणूस, हाताला सवय लागलेली असते म्हणून. मी आल्या आल्या तू मला सकाळची सगळी बोलाचाली सांगितलीस ना, तेव्हाच ते खटकलं होतं."

"पण त्याचंच तर नुकसान झालं ना, आत्या! त्याचं काम..."

"हो. मला तेच कळत नव्हतं. मग ही भांडी पाहिली." तिने भिंतीवर हात ठेवला. "धम्माला हे मीच शिकवलं होतं. पाऊस लागला की पालथी घाल, मार्चपर्यंत हात लावू नकोस, जंगलात ओढे असतात तेव्हा. तो दरवर्षी फोन करायचा. 'ताई, घातली गं पालथी.' एवढंच बोलायचा आणि ठेवायचा. तुम्हाला कोणाला माहीत नव्हतं, कारण भिंतीवर वर कोण बघतंय? या वर्षी फोन आला नाही. का आला नाही, हे मला माहीत होतं. भांड्यांचा विचार माझ्या मनात आलाच नाही."

डोंगराच्या बाजूने टोळी झाडावरून झाडावर चालली होती. कालचा तरणा नर त्यात होता की नाही, मला ओळखता आलं नाही.

"म्हणजे सगळ्यांचा ताप..." मी म्हणाले.

"सगळ्यांचा नसेल. बराचसा." आत्या वळली. "बोलाव त्याला."

५

कृणाल आला तेव्हा हातात काथ्या असावा तसे हात मागे धरून उभा राहिला. आत्याने त्याला बसायला सांगितलं नाही.

"अळ्या कधी पाहिल्यास?"

त्याने नाकारलं नाही. बहुधा कधी विचारतील याचीच तो वाट बघत होता.

"काल संध्याकाळी, मॅडम. टोळी कुठे बसलीय बघायला भिंतीपाशी गेलो. सहज भांड्यात नजर गेली. काळं झालं होतं पाणी, एवढ्या अळ्या. सगळ्या भांड्यांत. मी अख्ख्या इमारतीच्या कुंड्या, टाक्या, गच्ची तपासली होती. इथेच बघितलं नव्हतं. काकांची भांडी म्हणून."

"मग?"

"मग मला कळलं की माकड पॉझिटिव्ह निघणार. रोज तिथेच पाणी पितात ती, तिथलेच डास त्यांना चावणार. माणसांकडून डासाला, डासाकडून माकडाला. पण रिपोर्ट हातात आला की नितेशकाका तो उलटा वाचणार. टोळी जाणार. ते थांबवायचं तर मला भांडी दाखवायला लागणार. आणि काकूंना..." त्याने घराकडे पाहिलं. "काकू रोज त्या नळीने पाणी घालताना काकांशी बोलतात, मॅडम. मी ऐकलंय. त्यांना कसं सांगू की त्याच पाण्याने सोसायटी आजारी पडली?"

"म्हणून भांडी घासलीस, माकड सोडलंस, आणि सकाळी डोक्याला हात लावून बसलास."

"कोणाचंच वाईट होणार नव्हतं."

"होणारच होतं!" आत्याचा आवाज पहिल्यांदा चढला. "आता तपासणीही नाही. संध्याकाळी नुसत्या रागावर ठराव होणार. टोळी जातेय, कृणाल. अरे, माकडं विषाणू सांभाळून ठेवतात का, हा खरा प्रश्न आहे. दुसऱ्या देशांतल्या जंगलांत तसं घडतं. इथे घडतं की नाही ते आपल्याला माहीत नाही, म्हणून तर तू आलास. उत्तर आवडणार नाही म्हणून तू प्रश्नच पळवून लावलास!"

कृणालची मान खाली गेली. इतक्या उंच माणसाची मान खाली गेलेली फार दिसते.

"माझ्या गाईडना मी सांगेन," तो म्हणाला. "सभेतही सांगतो, मी सोडलं म्हणून. पण भांड्यांचं नको, मॅडम."

"भांड्यांचं सांगितलं नाही तर टोळी कशी वाचेल?"

आत्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला. तेव्हा मला दिसलं: तिला आईला सांगायचं नव्हतं. तिच्या भावाची ती शेवटची गोष्ट होती, आणि ती तिलाही मोडायची नव्हती.

"तुम्ही सगळे मला काचेची समजता काय रे?"

स्वयंपाकघराच्या खिडकीत आई उभी होती. नळी ज्या खिडकीतून बाहेर येते, त्याच खिडकीत.

६

"सगळं ऐकलं मी," आई म्हणाली. "खिडकीखाली उभं राहून गुपित बोलता, आणि म्हणे शिकलेली माणसं."

"राधा, दोष तुझा नाही," आत्या घाईने म्हणाली. "तुला कसं कळणार होतं?"

"ताई, मला सांगा, ते खरंच दरवर्षी पालथी घालायचे?"

"दरवर्षी."

"मला कधी बोलले नाहीत." आईने भिंतीकडे पाहिलं. मला वाटलं आता ती रडेल. "बघा की! मी जून महिन्यात म्हणायची, आज फार उशीर लावलात मागे, आणि हे म्हणायचे, पक्षी बघत होतो. पक्षी!" तिने नाक ओढलं. "पक्ष्यांची मला कधी आवड नव्हती म्हणून मीही पुढे विचारलं नाही."

मग ती बाहेर आली, चपला घालून, आणि कृणालसमोर उभी राहिली. त्याच्या कोपराला लागेल एवढीच तिची उंची.

"तू माझ्यासाठी खोटं बोललास. मी सकाळी तेजलसाठी खोटं बोलले. दोघंही फुकट. आज सभेत मी बोलणार."

"काकू, लोक काय म्हणतील..."

"म्हणू देत. त्यांचे सांधे दुखतायत, माझेही दुखतायत. त्या माकडांना तर कोणी विचारलंच नाही." तिने त्याच्या दंडावर चापट मारली. "आणि तू जेवून घे. रात्री जेवला नाहीस म्हणे."

संध्याकाळची सभा पार्किंगमध्येच झाली, कारण ज्यांना जिने चढता येत नव्हते तेच जास्त होते. नितेशभाईंनी ठराव वाचायला सुरुवात केली. आई उठली.

"ताप माकडांनी आणला असं लिहिलंय ना? ते खोडा. डास माझ्या भांड्यांत झाले. यांची भांडी मी पावसातही भरत राहिले, वरून नळी धरून. आत काय चाललंय ते पाहिलं नाही. मला माहीत नव्हतं, पण झालं ते माझ्या हातून झालं. ज्यांना माझ्यामुळे त्रास झाला, त्यांनी मला काय बोलायचं ते बोला. त्या मुक्या टोळीवर काढू नका."

मागे कुठेतरी कुकरची शिटी झाली. मग कृणालने उठून आपलं सांगितलं, आणि त्याच्यावर मात्र बरंच बोललं गेलं, त्यातलं बहुतेक मथुरामावशी बोलली, आणि तिला तर सभेत बोलवलंही नव्हतं.

नितेशभाई हातातला कागद बघत होते. मला वाटलं, आता हे आईवर घसरणार.

"राधाभाभी," ते म्हणाले, "माझ्या गच्चीत तीन प्लास्टिकचे ड्रम आहेत. पाणी जातं म्हणून भरून ठेवलेले. कृणालभाई तपासायला आला तेव्हा मी चावी हरवली म्हणून सांगितलं होतं." त्यांनी ठराव दुमडला. "तुमचे एकटीचे डास नाहीत ते."

त्यानंतर सगळ्यांनाच काहीबाही आठवायला लागलं. कुणाच्या खिडकीत मनीप्लांटच्या बाटल्या होत्या, कुणाच्या कूलरमध्ये उन्हाळ्याचं पाणी तसंच होतं. आजींनी तर तुळशीखालच्या ताटलीबद्दल देवाची माफीच मागून टाकली. ठरावाचं कोणी नावही काढलं नाही.

सभा संपता संपता आई कृणालला म्हणाली, "माकड गेलं, पण तुझं काम कशाला थांबायला हवं? माणसांकडून माकडाकडे जातं म्हणालास ना? मग आधी माणसं बघ. आमचं रक्त घे."

"परवानग्या लागतात, राधा," आत्या म्हणाली.

"मग काढा. तुम्ही रिटायर होऊन करता काय?"

आत्याने काढल्या. कृणालच्या गाईडनी त्याला आधी तासभर झापलं, मग त्याच सपाट्यात त्याचा अभ्यास वाढवून दिला. पुढच्या महिन्यात एका सकाळी पार्किंगमध्ये टेबल मांडलं गेलं, डॉक्टर आले, आणि जिन्यापासून फाटकापर्यंत रांग लागली. थोडे वाकलेले, थोडे सरळ झालेले. भिंतीवर टोळी येऊन बसली होती आणि खाली चाललेला कार्यक्रम लक्ष देऊन बघत होती.

आईने पहिला नंबर लावला. कृणालने रक्ताची नळी उचलली आणि कानापर्यंत लाल झाला. नळ्या माकडांच्या रक्तासाठी आणलेल्या जुन्या खोक्यातल्या होत्या. हातातल्या नळीवर ठळक अक्षरात छापलं होतं: माकड १.

"सॉरी काकू, नवीन चिठ्ठ्या आहेत, मी लगेच..."

"राहू दे की," आई म्हणाली. "चुकीचं काय आहे त्यात?"

"म्हणजे मी माकड नंबर दोन?" मागून नितेशभाई. "मी सेक्रेटरी आहे!"

"मग टोळीचे म्होरके तुम्हीच," आत्या म्हणाली. "शेपूट आवरा आणि बसा."

नितेशभाई बसले. सुई पाहिली. आणि एवढा मोठा माणूस, माकडांच्या अख्ख्या टोळीला पुरून उरलेला, आवाज न करता खुर्चीवरून खाली घसरला. भिंतीवरून एका म्हाताऱ्या माकडिणीने वाकून पाहिलं आणि चक्क दात दाखवले.

आई हसली. मे महिन्यानंतर पहिल्यांदा, मोठ्याने, पदर तोंडाला न लावता. मी तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर ती थांबली असती.